वंशाचा दिवा उणे चाळीसवर

११ फेब्रुवारी

नवी वही. संकल्प तीन. रोज लिहायचं. खरं लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही.

तळपायावर तीळ असला की परदेशप्रवासाचा योग, असं लहानपणापासून ऐकत आलो. आई तर पाहुण्यांसमोर मला मोजा काढायला लावायची. सदतीस वर्षं वाट पाहिली. योग निघाला तो ऑपरेशन थिएटरपर्यंतचा. टाचेचा बरणीच्या झाकणाएवढा तुकडा गेला, मांडीची कातडी टाचेला लागली आणि जांघेतल्या गाठी काढल्या. तीळ नव्हताच तो. मेलॅनोमा. म्हणजे कॅन्सर. लिहिला शब्द. हात अजिबात थरथरला नाही. शाई जरा अडकली, पेन बदलायला हवं.

आज कॅन्सरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बुटक्या आहेत, हळू बोलतात, आणि प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत बसतात. वाईट सवय. म्हणाल्या, सर्जननं सगळं साफ काढलंय, पण एका गाठीत कॅन्सर पोचला होता, म्हणून आता वर्षभर इम्युनोथेरपीची सलाइनं. ही केमो नाही. शरीरातल्या सैनिकांना एक ब्रेक असतो, तो हे औषध काढून टाकतं, मग ते कॅन्सरला शोधून मारतात. मला लगेच समजलं. थर्मोस्टॅट काढायचा आणि कंप्रेसर अखंड चालू ठेवायचा. तसं त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, साधारण तसंच, आणि म्हणूनच कधी कधी नको तेही गोठतं. थायरॉइड, लिव्हर, मेंदूखालची ग्रंथी. मी म्हणालो, मेंटेनन्स चांगला असेल तर मशीन बिघडत नाही. त्या तोंडाकडे बघत बसल्या.

मग त्यांनी विचारलं, मूल हवंय का. बायको म्हणाली, हवंय. मी म्हणालो, घाई नाही. दोघं एकदमच बोललो. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली बरीचशी ‘वर्कशॉपचं जरा बस्तान बसू दे’ यात गेली. म्हणणारा मीच. डॉक्टरबाई पुढचं सगळं बायकोकडे बघून बोलल्या. या औषधाचा मूल होण्यावर नेमका काय परिणाम होतो हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. अभ्यास थोडे झालेत. बऱ्याच जणांना काही होत नाही, पण काहींच्या हार्मोन्सच्या ग्रंथी बंद पडतात, काहींचे शुक्रजंतू कमी होतात, आणि कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून पहिल्या सलाइनच्या आधी बँकेत नमुना गोठवून ठेवा. आणि उपचार चालू असेपर्यंत, पुढेही काही महिने, दिवस राहू द्यायचे नाहीत.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्याकडून बारीक अक्षरं वदवून घ्यायची तिला सवय. प्रत्येक गोष्ट तिनं दोनदा विचारून घेतली. मी नंदीबैलासारखा मान हलवत होतो.

गोठवून ठेवा! कुणाला सांगताय? चौदा वर्षं कोल्ड रूम आणि डीप फ्रीझर दुरुस्त करतोय. आईस्क्रीमवाले, फुलवाले, मासळीवाले, सगळ्यांची थंडी माझ्या हातात. बाईंना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, आपण कुणाशी बोलतोय ते.

१४ फेब्रुवारी

बँकेत जाऊन आलो. बायको येते म्हणत होती, पण असल्या कामाला एकट्यानंच गेलेलं बरं.

तिसरा मजला, खाली टायरचं दुकान. टेबलामागे पांढऱ्या कोटातली एक मुलगी. नम्र होती. नाव, वय, आजार विचारला. मग त्याच आवाजात म्हणाली, सर, तुमचं काही बरंवाईट झालं तर नमुना नष्ट करायचा की पत्नीच्या ताब्यात द्यायचा? दुकानात पिशवी हवी का म्हणून विचारतात ना, तसं.

मी म्हणालो, आधी तुमची व्यवस्था बघू द्या.

बघितली. काचेपलीकडे दुधाच्या कॅनसारखा एक ॲल्युमिनियमचा कॅन. झाकण उघडलं की पांढरा धूर. कंप्रेसर नाही. कंडेन्सर नाही. साधी वायरसुद्धा नाही! मी विचारलं, प्लग कुठाय? म्हणाली, प्लग नसतोच सर, आत लिक्विड नायट्रोजन असतो, उणे एकशे शहाण्णव, कमी झाला की वरून ओततो. हातानं? हो, हातानं. मी विचारलं, आणि ओतणारा भाचीच्या लग्नाला गेला तर? ती हसली. मी हसलो नाही. चौदा वर्षांत एक गोष्ट शिकलोय. ज्याला प्लग नाही तो फ्रीझर नाही, थर्मास आहे. आपल्या वंशाचा दिवा मी थर्मासमध्ये ठेवणार नाही.

ती म्हणाली, ठीक आहे सर, विचार करा, पण आज ठेवणार असाल तर तेवढं एक सांगा, नष्ट की पत्नीला, मग डावीकडची खोली.

मला एका आईस्क्रीमवाल्याचा अर्जंट कॉल आठवला. निघालो.

घरी बायकोला सांगितलं, बघून आलो, व्यवस्था होतेय. यात खोटं काही नाही. बघून आलोच, आणि व्यवस्था डोक्यात होतच होती. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं. मग थोडं कसंसंच वाटलं. बहुतेक पित्त.

१६ फेब्रुवारी

योजना तयार. साधी आणि जबरदस्त.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एका लॅबचा डीप फ्रीझर पडून आहे. दुरुस्तीला आला, मालक न्यायला फिरकलाच नाही. उणे चाळीस. त्याला आज जोडीला दुसरा कंप्रेसर बसवला, स्टॅबिलायझर लावला, लाइट गेलीच तर बॅटरी, आणि आतलं तापमान वाढलं की माझ्या मोबाइलवर अलार्म. त्या मुलीच्या कॅनला आहे का अलार्म?

उणे एकशे शहाण्णव हा आकडा निव्वळ भपका. गोठलं की गोठलं, मेलेल्याला आणखी काय मारणार. फ्रोझन वाटाणा उणे अठरावर कितीतरी महिने टिकतो. मी तर उणे चाळीस देतोय. वाटाण्याला जे जमतं ते मला का जमू नये?

१९ फेब्रुवारी, दुपार

ठेव ठेवली.

मेव्हणा माझ्याच वर्कशॉपमध्ये असतो. बायकोचा धाकटा भाऊ, वयानं माझ्याहून थोडा लहान, वजनानं दीडपट, स्वभावानं देवमाणूस, म्हणजे सगळीकडे हात लावतो. त्याला फ्रीझरच्या दाराचं रबर आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं. शटर ओढलं. एकाग्रता होईना. समोर भिंतीवर कंप्रेसर कंपनीचं कॅलेंडर, त्यावर बारा महिने कंप्रेसरच. तेवढ्यात कुणीतरी शटर वाजवून विचारलं, वॉशिंग मशीन दुरुस्त करता का? नाही म्हणालो. आवाज घोगरा आला. तो म्हणाला, आतून बोलताय म्हणजे आहात ना, मग बघा की जरा. त्याला घालवण्यात पाऊण तास गेला. पण जिद्द सोडली नाही.

उकळून घेतलेल्या तीन छोट्या बाटल्या. लेबल: ‘कंप्रेसर ऑइल, टेस्टिंग, हात लावू नये’. गुप्तता महत्त्वाची. झाकण लावलं, हिरवा आकडा उणे चाळीसवर येईपर्यंत समोर उभा राहिलो. आला. बापासारखं वाटलं.

२२ फेब्रुवारी

पहिलं सलाइन. अर्ध्या तासात संपलं, काहीच झालं नाही. केस गळणार म्हणून टोपी घेऊन ठेवली होती. सिस्टर म्हणाली, यात सहसा केस जात नाहीत. जरा हिरमोडच झाला. कॅन्सर आहे आणि भांग जागच्या जागी, कोण विश्वास ठेवणार? सिस्टरनं विचारलं, काही त्रास? मी म्हणालो, मस्त.

येताना बायकोनं विचारलं, बँकेचं ते नक्की झालं ना? म्हणालो, कुलूपबंद आहे. शंभर टक्के सत्य. कुलूप उद्याच लावतो.

२७ मार्च

अंगाला खाज. पाठीवर पुरळ. नवा साबण बाधला. डॉक्टरबाईंनी मलम दिलं, म्हणाल्या औषधानं होतं असं. असेल. मी साबण बदलला. मलमही लावतोय, त्यांच्या समाधानासाठी.

१८ एप्रिल

संकट. कुलूप लावायचं राहून गेलं होतं. मेव्हण्यानं फ्रीझर उघडला. वर्कशॉपला पोचलो तर एक बाटली उजेडात धरून उभा. म्हणाला, भावोजी, हे ऑइल बोगस आहे. उणे चाळीसला पार दगड झालंय. चांगलं ऑइल असं गोठतं का कधी? कंपनीच्या तोंडावर मारू, नाहीतर गिऱ्हाइकाचा कंप्रेसर जाम व्हायचा.

मुद्दा बिनतोड होता. तेच वाईट. मी म्हणालो, तेच तर टेस्ट करतोय, किती दिवस गोठलेलं राहतं ते. तो म्हणाला, मग एक बाटली वितळवून बघतो की. मी ओरडलो. असा ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला धावत आला आणि बाटली मेव्हण्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. आज कुलूप लावलं.

जेवताना बायको म्हणाली, तेलाच्या बाटलीवरून त्याच्या अंगावर धावून गेलास म्हणे. त्याला वाईट वाटलंय. औषधानं चिडचिड होत असेल तर डॉक्टरांना सांगू या. मी म्हणालो, चिडचिड नाही, क्वालिटी कंट्रोल. मेव्हण्याला उद्या चहा पाजायचा, हा संकल्प.

६ जून

सलाइन निम्म्यावर असताना अलार्म. उणे छत्तीस. मेव्हण्याला फोन लावला, उचलेना. उणे चौतीस. सिस्टरला म्हणालो, ही नळी काढा, मला जायचंय. ती म्हणाली, अजून निम्मं बाकी आहे. मी म्हणालो, घरी इमर्जन्सी आहे. कोण आजारी आहे? आता काय सांगू? मुलं, असं तोंडातून निघून गेलं. ती बिचारी हळवी निघाली. सुई तशीच पट्टीनं झाकून दिली, तासाभरात परत या म्हणाली.

धावतपळत वर्कशॉप गाठलं. मेव्हण्यानं ड्रिलसाठी प्लग काढला होता. बॅटरी? ती त्यानं सकाळीच स्कूटर चालू करायला नेली होती. फोन? तो ड्रिलच्या आवाजात ऐकू येत नव्हता. उणे एकतीस. प्लग लावला. ओरडलो नाही, कारण हातातली सुई ठणकत होती.

परत गेल्यावर सिस्टरनं काळजीनं विचारलं, मुलं कशी आहेत? म्हणालो, उणे तेहतीस, सुधारताहेत. ती माझ्याकडे बघून थर्मामीटर घेऊन आली आणि माझाच ताप बघितला.

१२ जुलै

बायकोची पाळी लांबली आहे.

काळजी घेत होतो. बहुतेक वेळा. एकदा घेतली नव्हती. एकदाच तर, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

१४ जुलै

डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, आईला हे औषध चालू असेल तर पोटातल्या बाळाला धोका मोठा, कारण आईच्या शरीरानं बाळाला परकं म्हणायचं नाही, हे ज्या ब्रेकवर ठरतं तोच हे औषध काढतं. औषध वडिलांना चालू असेल तर काय, याची माहिती फार थोडी आहे. आहे ती घाबरवणारी नाही, पण खात्रीही कुणी देऊ शकत नाही. आधी टेस्ट करा, मग बसून बोलू.

घरी येताना मनात नावं काढली. मुलगी झाली तर तीन सुचली, मुलगा झाला तर एकच. नावं काढता काढताच डॉक्टरबाईंचं ‘खात्री नाही’ आठवलं. आनंद आणि धसका एकाच वेळी होतो, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला विचारलं, तुला काय वाटतंय? ती म्हणाली, मला काही वाटून घ्यायचंच नाहीये उद्यापर्यंत.

१५ जुलै

टेस्ट निगेटिव्ह. दुपारी पाळीही आली. मी म्हणालो, सुटलो. ती बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, सुटलोच रे. मग टॉवेल वाळत घालता घालता म्हणाली, बरं झालं ते बँकेत ठेवलंय, नाहीतर मी वेडी झाले असते.

मी तापमान बघायला वर्कशॉपला गेलो. उणे चाळीस. काहीच काम नव्हतं, तरी फ्रीझरजवळ स्टूल ओढून बसलो.

३ सप्टेंबर

आध्यात्मिक प्रगती सुरू झाली आहे. स्वतःहून. राग येत नाही. गिऱ्हाईक शिव्या देत असलं तरी मला जांभई येते. जेवणावरची वासना उडाली. बायकोविषयीची, तीही. आधी दचकलो, मग उलगडा झाला. यासाठी लोक घरदार सोडून डोंगरात जाऊन बसतात, मला घरबसल्या सलाइनमधून मिळतंय. दाढीसुद्धा वाढायची थांबली आहे. वेळेची केवढी बचत!

बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांना सांग. मी म्हणालो, वैराग्यावर औषध नसतं. ती म्हणाली, संन्यासी माणूस दिवसातून चार वेळा झोपत नाही. अज्ञानी माणसाशी वाद घालू नये. झोपलो.

सलाइनच्या वेळी सिस्टरनं विचारलं, काही त्रास? मस्त. आता मधेच काही सांगितलं आणि त्यांनी औषध थांबवलं म्हणजे? कॅन्सर टपूनच बसलाय.

२० सप्टेंबर

कपाळामागे डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. बायकोनं दुकानात खुर्चीवर बसवून तपासलं. नंबर तसाच. मी म्हणालो, मशीन जुनं आहे. ती म्हणाली, मशीन मागच्याच महिन्यात आलंय, जुनं आहे ते डोकं, आणि तू आत्ता माझ्यासमोर डॉक्टरांना फोन कर. मी तिच्यासमोर फोन लावला आणि एंगेज लागेपर्यंतच कानाला धरला. सोमवारी नक्की.

२९ सप्टेंबर

सोमवार आला आणि गेला. फुलवाल्यांच्या ऑर्डरी जोरात आहेत. पुढचा सोमवार.

९ ऑक्टोबर, हॉस्पिटल

फुलवाल्याच्या कोल्ड रूममध्ये शिडीवर होतो. दिवे मंद झाल्यासारखे वाटले. व्होल्टेज, असं म्हणालो म्हणे, आणि खाली आलो. बादल्यांवर पडलो म्हणून वाचलो. अंगभर पांढरी फुलं. फुलवाला दार उघडून आत आला आणि हात जोडून उभा राहिला. मेव्हण्यानं मला खांद्यावर टाकून आणलं. त्याच्या वजनाबद्दल यापुढे काही बोलायचं नाही.

डॉक्टरबाई खाटेजवळ आल्या. म्हणाल्या, एमआरआयमध्ये पिट्युटरी, म्हणजे ती मेंदूखालची ग्रंथी, सुजलेली दिसतेय. औषधाचा परिणाम. ही ग्रंथी बंद पडली की बाकीच्या ग्रंथींना हुकूमच जात नाहीत. म्हणून थकवा, डोकेदुखी, ब्लडप्रेशर पाताळात. किती दिवस होतंय हे? मी म्हणालो, एवढं काही नाही. बायको म्हणाली, ऑगस्टपासून, याला वैराग्य आलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, वैराग्य नाही, हार्मोन्स संपलेत. आणखी थोडे दिवस असेच मस्त मस्त करत राहिला असतात तर जिवावर बेतलं असतं.

साधुत्व एका रक्ताच्या तपासणीत गेलं. आता रोज गोळ्या, बहुतेक जन्मभर. सलाइन थोडं थांबवून पुन्हा सुरू करतील. पहिल्या गोळ्यांनंतर आज भूक लागली आणि मेव्हण्याचा राग आला. म्हणजे सुधारणा आहे.

६ नोव्हेंबर

शुक्रजंतूंची तपासणी. रिपोर्ट शून्य. मी म्हणालो, पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजले. शून्य मोजायला वेळ लागत नाही.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, वरून हुकूम नाही म्हणून उत्पादन बंद. टेस्टोस्टेरॉन दिलं तर दाढी येईल, ताकद येईल, पण शुक्रजंतूंचं दुकान आणखीच बंद होईल. मूल हवं असेल तर ते नको. वेगळी इंजेक्शनं आहेत, घरी पोटाला टोचायची, बरेच महिने, आणि तरीही सांगता येत नाही.

बायको हसली. खरंच हसली, अंगावरचं ओझं उतरल्यासारखी. म्हणाली, देवाची कृपा, आम्ही आधीच बँकेत ठेवलंय.

डॉक्टरबाई तोंडाकडे बघत बसल्या. माझ्या.

मी म्हणालो, बँकेपेक्षा चांगल्या जागी आहे.

८ नोव्हेंबर

तिन्ही बाटल्या आइसबॉक्समध्ये घालून हॉस्पिटलच्या लॅबला निघालो. रस्त्यात लक्षात आलं, याला प्लग नाही.

‘चांगली जागा’ म्हणजे कुठली, असं बायकोनं विचारलं तेव्हा दुसरी, जास्त चांगली बँक असं सांगितलं होतं, आणि नमुना तिथूनच आणलाय असं. गाडी मेव्हणा चालवत होता. त्यानं विचारलं, ऑइल टेस्ट करायला हॉस्पिटल कशाला, भावोजी? बायको म्हणाली, कसलं ऑइल? पुढच्या सिग्नलपर्यंत दोघांना सगळं कळलं होतं. मेव्हण्यानं गाडी बाजूला घेतली, उतरला आणि पाठ करून उभा राहिला. बायको म्हणाली, बस गाडीत, लॅबला उशीर होतोय. तिला अजून आशा होती. मलाही. मला जास्तच. निदान थंडीत मी चुकणार नाही.

लॅबमधला माणूस बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होता. एकही हलत नव्हता. म्हणाला, साध्या फ्रीझरमध्ये हळूहळू गोठतं, आत बर्फाचे काटे धरतात आणि पेशी फुटतात. आधी संरक्षक द्रव मिसळावा लागतो, मग नायट्रोजनची थंडी. हे पहिल्याच दिवशी मेले असणार.

पहिल्याच दिवशी. म्हणजे ड्रिल नाही, बॅटरी नाही, मेव्हणा नाही. नऊ महिने मी राखण केली ती कशाची? नऊ महिने. लिहिल्यावर लक्षात आलं.

बाहेरच्या बाकावर बायकोनं विचारलं, का? मी सांगितलं, कॅनला प्लग नव्हता. ती म्हणाली, हे कारण नाही. मग मी त्या मुलीचा प्रश्न सांगितला. माझं बरंवाईट झालं तर काय करायचं, हा. उत्तर दिलं की ते होणारच, असं वाटलं मला. मी घाबरलो होतो. पहिल्या पानावर शाई अडकल्याचं लिहिलंय. पेन अजून तेच आहे, उत्तम चालतंय.

ती म्हणाली, बायकोला द्या, एवढंच सांगायचं होतं रे. एवढंच. मग भावाबरोबर गाडीत बसून निघून गेली. मी रिकामा आइसबॉक्स घेऊन बसनं आलो.

१५ नोव्हेंबर

बायको बोलते. मीठ दे. दिवा बंद कर. गोळी घेतलीस का. बाकी काही नाही.

माफीचं भाषण तयार केलंय. मुद्देसूद. आज सुरुवात केली. पहिल्या मुद्द्यालाच ती म्हणाली, भाषण नको. दुसरा मुद्दा जास्त चांगला होता.

वर्कशॉपमध्ये मेव्हण्यानं फ्रीझरचा प्लग काढला. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. अलार्म वाजत राहिला. मी मोबाइल बंद केला. मग दोघांनी चहा घेतला. पाजला मीच.

२४ फेब्रुवारी

शेवटचं सलाइन. स्कॅन स्वच्छ. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या, दात छान आहेत त्यांचे. म्हणाल्या, दिवस राहण्यासाठी अजून काही महिने थांबायचंच आहे, तेवढ्यात ती इंजेक्शनं सुरू करून बघायची असतील तर बघा. यश येतं बऱ्याच जणांना, पण तुम्हाला येईलच असं मी म्हणणार नाही.

मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, मी विचारते. तिनं सगळं विचारलं, पुन्हा एकदा विचारलं, आणि म्हणाली, सुरू करा. माझ्याकडे बघितलं नाही.

३ मार्च, सकाळ

संकल्प: इंजेक्शन स्वतः घ्यायचं. बायकोवर आणखी भार टाकायचा नाही. काल दाराच्या जुन्या रबरावर सराव केला. उत्तम जमलं. चौदा वर्षं पेटत्या ज्योतीवर तांब्याच्या नळ्या जोडतोय, हात कधी हललेला नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं

पहिला डोस उशीला मिळाला.

पोटाची वळी धरली, सुई टेकवली, आणि हात असा थरथरायला लागला की सुई घसरून उशीत गेली. बायको दारातून बघत होती. किती वेळ, कोण जाणे. आत आली. दुसरं इंजेक्शन भरलं. म्हणाली, मी अजून रागावलेली आहे. बरेच दिवस राहणार आहे. मला मूल हवं होतं, अजून हवंय, आणि ते आता होईल की नाही हे कुणालाच माहीत नाही. बनियन वर कर.

केलं. टोचलं. तिनं विचारलं, दुखलं? सुई केसाएवढी होती. हो म्हणालो. फार? म्हणालो, फार. आणि मग रडायलाच लागलो. मोठ्यानं, बनियन दोन्ही हातांनी वर धरून, थांबताच येईना. ती कापूस दाबून शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, बनियन सोड आता, थंडी वाजेल.